टोकाला हवा ठेव

मधल्या फळीची काळजी नको करूस, रोफिया.
मधलं सगळं सगळेच सांभाळून घेतात.
कपाट पडतं ते कोपऱ्यावर,
माणसासारखं पाठीवर ऐसपैस नाही.
एका टोकावर क्षणभर उभं राहतं
आणि अंगातलं सगळं वजन तिथे आणून ठेवतं.

आपल्याला कोपर दिलं देवाने, ते दुमडतं.
लाकडाला नुसता कोपरा.

हा घे पुठ्ठा. दमट लागतोय?
मग तो बाजूला टाक, दुसरा घे.
सुरीच्या धारेने नाही, पाठीने रेघ मार,
कापायचा नाहीये, वाकायला शिकवायचाय.
तीन घड्या. एक मोकळी जीभ.
जीभ आत सरकव. हं, अशी.

आता नीट बघ. हे सार्मिनलाही कळलेलं नाही
चाळीस वर्षं सागात मोर कोरून:
टोकाला काही टेकवायचं नाही.
दोन्ही अंगांना फोमची गादी, ठीक,
पण ऐन टोकाशी रिकामं सोड. बोटभर.
नखभर जास्त झालं तरी चालेल.
मार येतो तो त्या रिकाम्यात येऊन थांबतो,
घरात कुणी नाही बघून
पाहुणा उंबऱ्यातूनच वळावा तसा.

मी पहिल्या वर्षी ठासून भरायची.
चिंध्या, भुसा, जुनी वर्तमानपत्रं, जीव.
बेल्जियमहून फोटो आला. बारा कपाटं,
बाराही कपाटांचे कान पिचलेले.
मालकाने फोन माझ्या नाकासमोर धरला,
दोन बोटांनी फोटो मोठा केला, अजून मोठा,
शेवटी नुसता तपकिरी रंग उरला
आणि त्यात माझी नऊ दिवसांची मजुरी.

जेपारा ते सेमारांग, रस्ता तुला माहीत आहे.
मग क्रेन. मग पाणी, पाणी, चाळीस दिवस पाणी.
तिकडे कुणीतरी बाई दार उघडेल,
सगळ्यात आधी हेच ओरबाडेल
आणि जिन्याखाली फेकेल.
मग मोराच्या पिसांवरून हात फिरवेल.
फिरवू दे. सार्मिनचे हात आहेत ते.
आपलं कौतुक म्हणजे फोटो न येणं.
सहा वर्षं झाली, आला नाही.

मुर्नी फोन करते रविवारी, हाँगकाँगहून.
साहेबांचं पोर नुकतं चालायला लागलंय.
मागे काचेचं बुटकं मेज दिसत होतं,
चारी कोपऱ्यांना रबरी टोप्या.
म्हटलं, हे कुणी लावलं गं?
मीच, आई, म्हणाली, तुझीच ना मी.
आणि हसता हसता पाय मागे घेतला,
तेवढ्यात दिसली पोटरी,
काळीनिळी, मेजाच्या उंचीला नव्हती,
बरीच वर होती.

मी विचारलं नाही.
नखभर जागा सोडली.
तीही बोलली नाही काही. मग पोर रडलं
आणि फोन बंद झाला.

अगं, टेप पॉलिशवर नको!
निघताना रंग घेऊन निघते ती.
पुठ्ठ्यावरून पुठ्ठ्यावर ओढ, दातांनी तोड,
कात्री शोधत बसलीस तर ट्रक जाईल.
सात झाली. पाच राहिली.
खालचे कोपरेही, हो, खालचे आधी,
उचलणारा कधी वाकून ठेवत नाही,
शेवटची वीतभर हात सोडूनच देतो.

थांब, त्या कपाटाला दोरी नको बांधूस अजून.
दार उघडून बघ आत.
दुपारी तिथे मांजर झोपतं.